दशमीचा उत्तररंग

मी चपला दाराबाहेर काढल्या तेव्हा काचेपलीकडे बसलेल्या माणसाने हसू दाबलं.

“मावशी, राहू द्या चपला. स्टुडिओ आहे हा, इथे चालतं.”

“चालत असेल. पण गाणंबजावणं होतं तिथे मी काढते.”

आत गाभाऱ्यासारखा गारवा होता, फक्त तेलाचा वास नव्हता. भिंतींना जाड कापड, पायाखाली गालिचा, समोर लांबरुंद पडदा. मी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. पिशवी मांडीवरच ठेवली. कुठल्याही क्षणी उठता येईल असं बसायची सवय मला लहानपणापासूनची, ती का ते पुढे येईलच.

शशांक माईणकर लगबगीने आला. आमच्या हरणगावच्या नरहरबुवा कीर्तनकारांचा हा एकुलता एक मुलगा. बुवा जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. शशांकचे केस कानाशी पिकले होते, पण चाल बापाचीच, पावलं आधी पोचायची आणि माणूस मागून.

“इंदूताई, प्रवास नीट झाला ना? जेवलात?”

“जेवले. तुझं तोंड का उतरलंय?”

“उतरेल नाही तर काय. माझं दीड वर्षाचं काम तुमच्या एका शब्दावर लटकलंय.”

“काम तुझं लटकलंय. नाव आमचं.”

त्याने पाण्याचा पेला माझ्याजवळ ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

शशांकने संगीत दिलेल्या त्या सिनेमाचं नाव होतं ‘हरणगडची राणी’. गोष्ट आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गादीच्या भांडणात राणीसाहेबांच्या सावत्र दिराने गडाला वेढा घातला. वेढा उन्हाळाभर चालला आणि एका पहाटे गडाचे कारभारी बहिरोपंत यांनी आतून दरवाजा उघडून दिला. राणीसाहेब पकडल्या गेल्या आणि कैदेतच वारल्या. ते बहिरोपंत कारखानीस म्हणजे आमचे मूळ पुरुष. मी इंदुमती कारखानीस. आमच्या घराला गावात दारउघड्यांचं घर म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही. गाव तसं भलं आहे.

पुण्याला वकिली करणारा माझा पुतण्या निरंजन, त्याला या सिनेमाची बातमी लागल्यापासून झोप नव्हती. त्याने निर्मात्याशी भांडून कबूल करून घेतलं होतं की प्रदर्शनाआधी घराण्यातल्या एका माणसाला सिनेमा दाखवायचा. “आत्या, तू नुसती बघून ये,” तो म्हणाला होता. “बदनामी केलीय असं तुझ्या तोंडून निघालं की दुसऱ्या दिवशी मी कोर्टात उभा. एवढ्याशा गावात ऐकून घेतलं ते पुष्कळ झालं. आता सगळ्या महाराष्ट्राला नको.” गावात राहणारी मी एकटीच उरले होते, टपालखात्यातून निवृत्त झालेली, संसार न केलेली. बुवांच्या मुलाशी बोलायला मीच बरी, असं सगळ्यांनी ठरवलं.

आणि बुवांचं नाव आलं की मी कशालाही तयार व्हायचे, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कीर्तन हा माझा जीव. बुवा उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, की माझ्या दिवसभराच्या पोस्टातल्या शिक्क्यांचा आवाज डोक्यातून पुसला जायचा. रामाच्या देवळात उजवीकडचा दुसरा खांब माझा. चातुर्मासात, एकादशीला, कुणाच्या सत्यनारायणाला, बुवा जिथे म्हणून उभे राहिले तिथे मी समोर बसलेली असायचे. आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग घेऊन त्याचं निरूपण. मग मध्यंतर, तेव्हा बुवांना हार, आणि सगळ्यांच्या कपाळाला बुक्का. त्या वेळी थोरामोठ्यांनीही बुवांच्या पायावर डोकं ठेवायचं, कारण ते नारदाच्या जागी उभे. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. मी दोन्ही रंग भरपोट ऐकायचे.

एक दिवस सोडून. चैत्रातल्या उत्सवात रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, दशमीला, देवळात गडाचं आख्यान व्हायचं. त्या दिवशीचं दिव्यांचं तेल आमच्या घराचं. पणजोबांच्याही आधीपासूनचा तो रिवाज, एक प्रकारचं प्रायश्चित्तच. पितळेची मोठी बुधली भरून आम्ही देवळात नेऊन द्यायची, पूर्वरंग ऐकायचा, आणि मध्यंतराला बुक्का लावायला माणसं उठली की त्या गर्दीतून आपण निघायचं. उत्तररंगाला कारखानीस थांबत नाहीत. आपल्याच माणसाला शिव्या घातलेल्या ऐकायला कोण बसेल? माझ्या आजोबांच्या काळातल्या बुवांनी म्हणे बहिरोपंतांचं नाव घेऊन देवळात थुंकायला लावलं होतं. म्हणून लोकही आम्हाला वाट करून द्यायचे, पाय आवरून घ्यायचे, नजर खाली ठेवायचे.

“सुरू करू?” शशांकने विचारलं.

“कर.”

त्याने दरबारातलं पहिलं भांडण आधी संगीताशिवाय दाखवलं. मुद्दामच. चार पुरुष बोलत होते, राणी ऐकत होती. मला चौघेही सारखेच लबाड वाटले. मग तोच प्रसंग संगीतासकट लावला. दीर तेच गोड बोलत होता, पण आता त्याच्या बोलण्याखालून जाड तारांचा एक सूर सरकत होता, घराच्या पायाखालून पाणी जावं तसा. म्हाताऱ्या सेनापतीच्या वाक्याला तो सूर थांबला, आणि मला तो माणूस एकदम प्रामाणिक वाटायला लागला. राणी गप्पच होती, पण तिच्या गप्प बसण्यावर सनईसारखं, पण सनईहून ओलं असं काहीतरी वाजलं आणि मी नकळत पुढे वाकले.

“हे काय वाद्य?”

“ओबो म्हणतात.”

“आणि तो खालचा? तंबोऱ्यासारखा?”

“डबल बास. माणसाएवढं उंच असतं, उभं राहून वाजवतात. एकूण साठेक वादक होते, इंदूताई.”

“साठ माणसं आणि एक जण तोंड उघडून गात नाही.” मी म्हटलं. “म्हणजे या सिनेमाचा कीर्तनकार तू आहेस. तोंड नटांचं, निरूपण तुझं.”

तो पहिल्यांदा हसला. “बाबा हेच म्हणाले असते.”

“तुझे बाबा शब्दांत सापडायचे रे. काही वावगं बोलले तर आरतीनंतर आम्ही जाब विचारू शकायचो. तुझ्या या व्हायोलिनांना कोणी काय विचारायचं? कोणावर माया करायची आणि कोणाला शिव्या घालायच्या ते माणसाला कळायच्या आतच ठरवून टाकतात ही.”

“म्हणूनच तुम्हाला बोलावलं,” तो हळूच म्हणाला.

सिनेमा पुढे गेला. खोटं कशाला बोलू, मी हरवले. गडावरचं धान्य संपत आलं तो प्रसंग तर अजून कानात आहे. कोठीघरात एक बाई रिकाम्या कणगीत हात फिरवते, तळाशी काही लागतंय का बघत. तिथे सूर नव्हताच. वादकांनी गजाच्या लाकडाने तारांवर नुसती टकटक केली होती, चाळीस-पन्नास जणांनी, कोणाची आधी, कोणाची मागून. मूठभर दाणे कोरड्या कणगीत घरंगळले तर असा आवाज होईल. मला भूक दिसली. आमच्या घरात बहिरोपंतांविषयी कोणी बोलत नसे, आणि बोललं तर दारापाशी सुरू होऊन दारापाशीच संपायचं. दाराच्या आत उपाशी माणसं होती, लेकरं होती, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

मग पहाट झाली. बहिरोपंत घरातून निघाले. नट चांगला होता, सडपातळ, वाकलेला. अंगावर शाल, हातात कंदील. संगीत पूर्ण थांबलं. नुसती पावलं. माझ्या मांडीवरच्या पिशवीचे बंद मी मुठीत धरले.

आणि एकटा एक चेलो, व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजायला लागला.

पेटीच्या खर्जातल्यासारखा सूर, पण माणसाच्या छातीतून आल्यासारखा. चार-सहा सुरांचीच ओळ होती. वर चढायची, मध्येच अडखळायची आणि तिथेच लोंबकळत राहायची.

ती ओळ मला पाठ होती. दर दशमीला आम्ही देवळाबाहेर चपला शोधत असायचो तेव्हा आत वामनराव पेटीवाले तीच वाजवायचे. त्या ओळीने बुवांचं आख्यान उभं राहायचं. पायऱ्या उतरून, दीपमाळेला वळसा घालून आम्ही ओढ्याकडे लागेपर्यंत ती आमच्या पाठीवर यायची. पुढे काय व्हायचं ते ठाऊक नाही. बुवांना देवळावर कर्णा लावलेला चालत नसे आणि आमचं घर ओढ्यापलीकडे. एवढी अर्धी ओळ मात्र आयुष्यभर माझ्यामागे लागलेली. पोस्टात शिक्के मारताना, भांडी घासताना ती नकळत ओठांवर यायची आणि मी दचकून गप्प व्हायचे. आमच्या बेअब्रूची चाल ती. ती आता साठ वादकांच्या हाती गेली होती.

मी उठले. ठरवून नाही, पायच उठले. पिशवी काखेत मारली आणि अंधारात दाराकडे निघाले.

“थांबव रे,” शशांक काचेपलीकडच्या माणसाला म्हणाला. पडद्यावर बहिरोपंत पाऊल उचललेल्या स्थितीत गोठले. “इंदूताई, काय झालं?”

“काही नाही. मी बघितलं. निरंजनला काय सांगायचं ते सांगते.”

“अजून दरवाजा उघडला नाहीये.”

“उघडेल की. त्यासाठीच तर सगळं चाललंय.” माझा आवाज मला अनोळखी वाटला. “शशांक, तुझे वडील मला देवाच्या जागी. पण दर वर्षी त्यांनी आमच्या घराला त्या चालीवर देवळातून बाहेर काढलं. ते गावापुरतं होतं, आम्ही गिळलं. तू तीच चाल उचललीस? दुसरी सुचली नाही?”



“बाहेर काढलं? कोणी?”

“कोणी म्हणजे? ती पेटी वाजायला लागली की आख्यान सुरू. मग पुढे बहिरोपंतांची काय आरती ओवाळत होते?”

“इंदूताई, बाबा त्या चालीवर काय म्हणायचे?”

“मला काय विचारतोस? आम्ही कधी थांबलोय?”

हे बोलले आणि कुठल्याशा यंत्राची घरघर मला ऐकू यायला लागली. शशांक खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा होता. त्याचा चेहरा, काय सांगू, एखाद्याच्या घरी गेल्यावर कळावं की इथे मयताची बातमी अजून पोचलेलीच नाही, तसा झाला.

“तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?”

“काय?”

“इतक्या वर्षांत? गावातल्या कोणीच?”

“आमच्यासमोर गावात तो विषय काढत नाहीत. चुकून कोणी काढला तर आम्ही बोलू देत नाही.”

“बाबा आले होते तुमच्याकडे एकदा. अप्पा होते तेव्हा.”

आले होते. मला लख्ख आठवलं. उत्सवाच्या आधीचे दिवस. बुवा ओसरीवर बसले होते, उपरणं मांडीवर घेऊन. म्हणाले, “अप्पासाहेब, दशमीच्या आख्यानाबद्दल जरा बोलायचं होतं.” आणि माझे वडील म्हणाले होते, “बुवा, चहा घ्या. तो विषय सोडून काहीही बोला.” बुवांनी चहा घेतला. चहा मीच केला होता. मग ते आंब्याच्या मोहोराबद्दल बोलले आणि उठले. जाताना माझ्याकडे बघून थांबले होते, जणू मी तरी विचारीन. मी कपबशी उचलली आणि आत गेले.

“बसा,” शशांक म्हणाला. “पडदा बघू नका हवं तर. डोळे मिटून ऐका. पण आज उठू नका.”

मी बसले. खुर्चीत पाठ टेकून. त्याने तो प्रसंग पहिल्यापासून लावला.

पावलं. चेलो. तीच ओळ, वर गेली, अडखळली, लोंबकळली. माझे कान तिथे आपोआप मिटणार होते, कारण तिच्यापुढे माझ्यासाठी ओढा होता. पण तिला दुसरा चेलो येऊन मिळाला, मग व्हायोलिनं आली, अगदी हलक्या हाताने, एखाद्याला खांद्याला धरून उठवावं तशी. आणि चाल पुढे निघाली. जिथे अडली होती तिथून ती खाली उतरली. इतकी सरळ, इतकी सोपी उतरली की मला वाटलं, अरे, हे तर मला कोणीही सांगू शकलं असतं. वर चढण्यात जेवढा अडखळा होता तेवढीच उतरण्यात माया होती. सगळे साठ जण एका श्वासाने उतरत होते, पायऱ्यांवरून पालखी उतरवावी तसे, मधल्याला धक्का बसू नये म्हणून जपून. मग सगळी वाद्यं थांबली आणि लाकडी अडसर सरकल्याचा नुसता आवाज आला. करकरत. त्याच्यावर एकच बारीक सूर शेवटपर्यंत राहिला, समईची वात लहान करून ठेवावी तसा.

मी डोळे उघडले नाहीत.

“दिग्दर्शकाला इथे नगारे हवे होते,” शशांकचा आवाज आला. “फितुरी आहे, धडधडलं पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, आमच्या गावात या जागी नगारे वाजत नाहीत. चाल माझी नाहीच, इंदूताई. बाबांची आहे. सुरुवातीला पेटीवर नुसती अर्धी. शब्दांसकट पूर्ण यायची ती शेवटी, आरतीच्या आधी. सगळं देऊळ म्हणायचं.”

“काय म्हणायचं?”

त्याने गळा साफ केला. तो गाणारा नव्हे. बापाने शिकवायचा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता. पण त्या थंड खोलीत त्याने हळू आवाजात म्हटलं:

“दार उघडिले ज्याने, भुकेल्यांच्या कारणें,
त्याला दार उघड देवा, नको पायरीशी राहणें.”

पुढचं मला ऐकू आलं नाही. पायरी एवढंच कानात राहिलं. आम्ही पायऱ्या उतरत असायचो.

“जुन्या बुवांचं आख्यान बाबांनी पहिल्याच वर्षी बदललं,” तो सांगत होता. “लोक चिडले होते आधी. मग ऐकायला लागले. बाबा तुमच्या खांबाकडे बघून म्हणायचे. खांबापाशी कोणी नसायचं. आई विचारायची, कोणासाठी गाता? ते म्हणायचे, एखाद्या वर्षी एखादा कारखानीस चप्पल सापडली नाही म्हणून तरी थांबेल.”

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं.

“मग नंतर ते तुमच्या बुधलीला बुक्का लावायचे,” शशांक म्हणाला. “घरी परत पाठवायच्या आधी. म्हणायचे, माणसं नाहीत तर त्यांचं भांडं तर आलंय कीर्तनाला. तुम्हाला मिळायचा ना तो? मला वाटायचं, तेवढं तरी तुम्हाला पोचत असेल.”



पोचत होता. दर वर्षी दशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुधली परत यायची आणि तिच्या गळ्याला काळ्या बोटाचा ठसा असायचा. आई म्हणायची, “आलं बघ काळं फासून.” ती अंगणात बसून चिंचेने घासायची. ती गेल्यावर मी घासायला लागले. तेलात भिजलेला तो काळा डाग सहज निघत नसे. मी राखेने घासायचे, दात ओठ खाऊन, पितळ लखलखेपर्यंत. बुक्क्याचा वास मला कळत नव्हता असं नाही. उभं आयुष्य मी कपाळाला लावत आले. एका वर्षी तो वास आला होता. मी हात थांबवला होता, बुधली नाकाशी नेली होती. मग वाटलं, छे, आपल्याला कशाला कोण बुक्का लावेल. आणि आणखी जोराने घासली.

आपल्याला शिव्याच मिळणार याची आम्हाला केवढी खात्री होती. त्या खात्रीने आम्ही त्या भल्या माणसाला वर्षानुवर्षं रिकाम्या खांबासमोर उभं केलं.

“इंदूताई, पाणी घ्या.”

“बुवांना शेवटी शेवटी वाईट वाटायचं का रे?”

खोटं बोलावं का असं त्याच्या मनात आलं असावं. “वाटायचं,” तो म्हणाला. “पण तुमच्याबद्दल नाही. आपल्याच कीर्तनात काहीतरी उणं आहे, असं म्हणायचे. माणूस उठून जातो म्हणजे मीच कमी पडतो.”

जाताना मी दाराबाहेर चपला शोधत होते तेव्हा माझ्याकडे बघून हसलेला तो काचेपलीकडचा माणूस बाहेर आला आणि त्याने वाकून त्या माझ्या पायापुढे सरळ करून ठेवल्या. तोही सगळं ऐकत होता बहुतेक.

निरंजनचा फोन रस्त्यातच आला.

“काय दाखवलंय, आत्या?”

“दार उघडलेलं दाखवलंय.”

“मग? मी कागद तयार ठेवलेत.”

“राहू दे.”

“राहू दे म्हणजे? फितूर म्हणून दाखवलंय का नाही?”

“निरंजन, त्यांनी दार उघडलं होतं रे. ते काही खोटं नाही. आत माणसं उपाशी होती, तेही खोटं नाही. ते आपल्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.”

“आत्या, तू ठीक आहेस ना? कोणी तुझ्यावर दबाव आणला का?”

“हो,” मी म्हटलं. “साठ जणांनी.” आणि फोन ठेवला.

सिनेमा आला आणि गेला. पुण्यामुंबईत लोकांनी संगीताची वाखाणणी केली असं शशांक म्हणाला. कुठल्याशा समारंभात त्या वादकांनी तो भाग रंगमंचावर बसून वाजवला म्हणे. मी गेले नाही. मी दशमीची वाट बघत होते.

त्या वर्षी उत्सवाला नाशिकहून एक तरुण कीर्तनकार बाई आल्या होत्या. आवाज टिपेचा, उभं राहणं ठसठशीत. पूर्वरंग सुरेख झाला. मी तेलाची बुधली सकाळीच देऊन आले होते आणि माझ्या खांबाशी बसले होते. शेजारी आमच्या आळीतल्या सुमंत वहिनी. मध्यंतर झालं, बुक्क्याचं ताट फिरलं. आणि सवयीने सगळ्यांनी मला वाट करून दिली. पाय आवरले, नजरा खाली गेल्या. खांबापासून दारापर्यंत एक सरळ पट्टा मोकळा झाला.

मी बसून राहिले.

तो पट्टा बराच वेळ तसाच मोकळा होता. मग हळूहळू माणसं सरकली आणि तो बुजला. वामनराव पेटीवाले चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. पेटीवरची बोटं तशीच. त्या बाई विचारत होत्या, “वाजवताय ना काका?” तेव्हा कुठे त्यांनी ती अर्धी ओळ वाजवली.

बाहेरगावच्या बाई. त्यांना आमच्या बुवांचं आख्यान कुठून ठाऊक असणार? त्या पुस्तकातलं वाचून आल्या होत्या. बहिरोपंतांना त्यांनी जे म्हणून म्हणायचं ते सगळं म्हटलं. विश्वासघातकी म्हटलं, अन्नाला न जागणारा म्हटलं. ज्याच्या भीतीने आम्ही पिढ्यान् पिढ्या उठून गेलो ते सगळं मी मान खाली न घालता ऐकलं. देवळात कोणी हूं की चूं करत नव्हतं. सुमंत वहिनींनी पदराआडून माझा हात धरून ठेवला होता. मला आश्चर्य याचं वाटलं की ते ऐकताना जिवाला काहीच झालं नाही. जे व्हायचं ते बुधलीवरचा बुक्का कळला तेव्हाच होऊन गेलं होतं.

आख्यान संपलं. बाईंनी आरतीसाठी चिपळ्या खाली ठेवल्या. पण वामनरावांची बोटं थांबली नाहीत. त्यांनी ती ओळ पुन्हा काढली, अडखळ्यापाशी थांबले नाहीत, आणि पुढे उतरले. मागून कोणीतरी म्हातारा आवाज लागला. मग बायका. मग सगळं देऊळ. दार उघडिले ज्याने. बाई चकित होऊन इकडेतिकडे बघत राहिल्या आणि मग चिपळ्या उचलून त्याही मागून धरायला लागल्या.

पोरांना, म्हाताऱ्यांना, तेल घालणाऱ्या गुरवाला, साऱ्या गावाला ते पद पाठ होतं. एकटी मीच अशी होते की जिला ते येत नव्हतं. पहिल्या दोन ओळींपुढे माझे ओठ नुसते हलत होते, एक शब्द मागे राहून. सुमंत वहिनींच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फक्त प्रत्येक ओळीचा पुढचा शब्द त्या जरा आधी, माझ्या कानाशी सांगत राहिल्या, लहान मुलाला आरती शिकवतात तसा.